अहिल्याबाईंच्या नावातली 'बाई' कुणाला खुपते?

नेरूळकर:
३१ मे, अहिल्याबाई होळकरांची जयंती. सोसायटीत मुलांचा कार्यक्रम आहे. बॅनरचं प्रूफ आलं: 'महाराणी अहिल्यादेवी'. मी म्हटलं 'अहिल्याबाई' करा. कमिटी म्हणते, 'बाई' बरं दिसत नाही!
अहो, राणी म्हणजे राजाची बायको. यांचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पडले, ते सुभेदारसुद्धा झाले नव्हते. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. दिवाण गंगाधर यशवंतांना दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवायचा होता. बाईंनी तो डाव उधळला आणि १७९५ पर्यंत महेश्वरातून राज्य चालवलं. यात 'कुणाची तरी राणी' कुठे बसते?

घोडबंदरवाली:
दादा, इतिहास मान्य. पण आज 'बाई' कानावर कशी पडते? 'आज बाई आली नाही, भांडी तशीच पडलीत.' नवरे 'उठल्या का बाईसाहेब?' म्हणतात तेही टोमणा मारायलाच. शब्दाची रया गेली, लोकांनी मायेनं 'देवी' म्हटलं, तर बिघडलं काय?

कोपरीचे आजोबा:
पोरी, आमच्या शाळेत शिक्षिकेला 'बाई'च म्हणायचे आणि त्या आल्या की वर्ग चिडीचूप. 'माझा प्रवास' लिहिणारे वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी झाशीत होते. तेही लक्ष्मीबाईंना 'बाईसाहेब'च लिहितात, त्यात टोमणा नाही. घरकामाच्या बाईमुळे शब्द हलका झाला असं वाटत असेल, तर आधी तिला भरपगारी सुट्टी द्या.

कळवेकर:
राणीला कशाला झोडपताय? येसूबाईंच्या शिक्क्यात 'श्री सखी राज्ञी जयति' आहे. त्या कारभारही बघायच्याच की.

नेरूळकर:
त्या छत्रपतींच्या पत्नी, तिथे राज्ञी शोभतंच. होळकर पेशव्यांचे सरदार. उमाबाई दाभाडे बघा. १७३१ मध्ये डभईला मुलगा त्र्यंबकराव मारला गेल्यावर सेनापतींचं घराणं त्यांनी सांभाळलं. त्यांना कोणी महाराणी म्हणतं का? मग काय कमी पडलं त्यांना?

रबाळे नाका:
घटनेच्या कलम १८ नं सरकारला असले किताब देता येत नाहीत, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही गेले. आता किताब वाटायचं खातं बॅनरवाल्यांकडे. 'पुण्यश्लोक' छापा नि मोकळे व्हा.

घोडबंदरवाली:
आजोबा, आमच्याकडे येणाऱ्या मावशींना मी 'मावशी'च म्हणते आणि सुट्टीचे पैसे कापत नाही. तरी माझा मुद्दा तिथेच आहे. सहावीतली मुलगी हातात शिवपिंड घेऊन स्टेजवर येते, तेव्हा समोरच्या शंभर जणांना आधी ऐकू येतं ते नाव. सनावळी नंतर. तुमच्या नेरूळला खुशाल 'बाई' छापा, आमच्याकडे 'देवी'च राहणार.

नेरूळकर:
ठीक, 'देवी' ठेवा. 'महाराणी' तेवढं काढा.

घोडबंदरवाली:
आमच्या कमिटीला विचारते. फ्लेक्स छापायला गेला नसेल तर.