साध्या फ्लॅश मेमरीच्या आत न्यूरल नेटवर्कची आकडेमोड : बाजारातल्या चिपवर हे कितपत शक्य आहे?

अर्धवाहक:

नमस्कार. न्यूरल नेटवर्क चालवताना प्रत्यक्ष गुणाकारापेक्षा वेट्सची (शिकून ठरलेल्या गुणकांची) ने-आण महाग पडते, हे आता सर्वमान्य आहे. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानाच्या आकड्यांवरून असे दिसते, की ३२ बिटांच्या एका फ्लोटिंग पॉइंट गुणाकाराला सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते, तर तेवढाच डेटा डीरॅममधून (संगणकाच्या मुख्य स्मृतीतून) आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. म्हणूनच वेट्स जिथे साठवली आहेत तिथेच हिशेब उरकावा, हा विचार पुढे येतो. मात्र त्याविषयी जे वाचायला मिळते त्यात बहुधा खास घडवलेल्या चिपचे वर्णन असते. माझा प्रश्न मर्यादित आहे : एसएसडीत किंवा पेनड्राइव्हमध्ये असते तशी साधी नँड फ्लॅश, तिच्या रचनेत काहीही बदल न करता, अशी आकडेमोड करू शकते का? करू शकत असेल तर नेमकी कोणती क्रिया, आणि घोडे कुठे अडते? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घेण्याचा विचार आहे.

बिटलाइन:

आधी खास घडवलेल्या चिपचे तत्त्व पाहू, कारण साध्या चिपमध्ये नेमके काय नाही ते त्यावरूनच कळते. फ्लॅशचा प्रत्येक सेल म्हणजे एक ट्रान्झिस्टर. त्याच्या फ्लोटिंग गेटमध्ये (विद्युतरोधकाने वेढलेल्या कप्प्यात) जितके इलेक्ट्रॉन कोंडावेत तितके सेलचे थ्रेशोल्ड व्होल्टेज (तो चालू होण्यासाठी लागणारे व्होल्टेज) वाढते आणि ठरावीक व्होल्टेजला त्यातून वाहणारा प्रवाह कमी होतो. म्हणजे सेल हा केवळ शून्य किंवा एक राहत नाही, तर वेटच्या मूल्यानुसार कमीजास्त वाहू देणारा घटक बनतो. नॉर या फ्लॅशच्या दुसऱ्या रचनेत एका बिटलाइनवर (सेलचा प्रवाह वाहून नेणाऱ्या सामाईक तारेवर) अनेक सेल समांतर जोडलेले असतात. त्यामुळे इनपुट व्होल्टेजच्या रूपात दिले की प्रत्येक सेलमध्ये गुणाकार होतो आणि बिटलाइनवर किर्चहॉफच्या नियमाने सगळ्या प्रवाहांची बेरीज आपोआप मिळते. ऋण वेटसाठी दोन सेलची जोडी घेऊन त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी करतात.

ही कल्पना अजिबात नवी नाही. इंटेलने १९८९ मध्येच ६४ न्यूरॉन आणि १०,२४० सिनॅप्स (न्यूरॉनमधील जोडण्या) असलेली ईटान नावाची चिप याच तत्त्वावर सादर केली होती. अलीकडे सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दिमित्री स्ट्रुकोव्ह यांच्या गटाने १८० नॅनोमीटरच्या, मुळात व्यापारी असलेल्या नॉर तंत्रज्ञानात एक लाखाहून अधिक सेलचे जाळे उभारले. हस्तलिखित अंक ओळखताना त्याची अचूकता ९४.७ टक्के होती आणि एका अंकाला एक मायक्रोसेकंदाहून कमी वेळ व २० नॅनोज्यूलहून कमी ऊर्जा लागत होती. परंतु प्रत्येक सेल वेगळा जुळवता यावा म्हणून त्यांना मांडणीत फेरफार करावाच लागला. मायथिक या अमेरिकी कंपनीने ४० नॅनोमीटरच्या फ्लॅशवर सुमारे आठ कोटी वेट्स मावणारी चिप बाजारात आणली. तांत्रिकदृष्ट्या ती मोठी मजल होती. तरी २०२२ च्या अखेरीस कंपनीचे भांडवल संपले आणि पुढच्या वर्षी नवे पैसे उभे करून तिला काम पुन्हा सुरू करावे लागले.

या पद्धतीची खरी किंमत सेलमध्ये नसून कडेला असते. बेरजेचा प्रवाह पुन्हा अंकात आणण्यासाठी अॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर लागतात, आणि जागा व ऊर्जेचा मोठा वाटा तेच खातात. शिवाय तापमान बदलले की थ्रेशोल्डखालचा प्रवाह घातांकी प्रमाणात बदलतो, म्हणून भरपाईची सोय वेगळी करावी लागते. साध्या चिपमध्ये यांतले काहीच नसते. तिच्या पिनांवर बिटलाइनचा प्रवाह येतच नाही, येतात ते फक्त ठरवून झालेले बिट.

कोरडा_सोल्डर:

बिटलाइन यांचे म्हणणे बरोबर आहे, पण अॅनालॉगचा दरवाजा बंद म्हणजे सगळेच बंद, असे नाही. नँडच्या मांडणीतच तर्कक्रिया दडलेली आहे. एका स्ट्रिंगमध्ये (साखळीत) अनेक सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. नेहमीच्या वाचनात निवडलेल्या वर्डलाइनला (सेलच्या एका ओळीला व्होल्टेज देणाऱ्या तारेला) वाचन-व्होल्टेज आणि बाकीच्यांना सर्व सेल चालू ठेवणारे चढे व्होल्टेज देतात. त्याऐवजी दोन किंवा अधिक वर्डलाइनना एकाच वेळी वाचन-व्होल्टेज दिले, तर ते सगळे सेल 'एक' असतील तेव्हाच स्ट्रिंग वाहते. म्हणजे 'अँड' क्रिया मिळाली. त्याच बिटलाइनवरच्या वेगवेगळ्या ब्लॉकमधील (एकदम पुसल्या जाणाऱ्या सेलच्या गटांमधील) स्ट्रिंग एकदम निवडल्या, तर कोणतीही एक वाहिली तरी पुरे, म्हणजे 'ऑर'. ईटीएच झुरिकमधील ओनुर मुतलू यांच्या गटाने सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये 'फ्लॅश-कॉसमॉस' या नावाने हेच मांडले आणि ४८ थरांच्या १६० खऱ्या टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट साठवणाऱ्या) चिपवर चाचण्या घेऊन दाखवले.

मात्र या पद्धतीत दोन्ही संख्या आधीपासून सेलमध्ये लिहिलेल्या असाव्या लागतात. वेट्स बदलत नाहीत, पण इनपुट दरवेळी नवे असते. ते दरवेळी सेलमध्ये लिहायचे म्हटले तर शेकडो मायक्रोसेकंद जातात आणि सेल झिजतात ते वेगळेच. त्यामुळे न्यूरल नेटवर्कसाठी मला पेज बफरचा (एकदम वाचले जाणारे पेज तात्पुरते धरणाऱ्या परिपथाचा) मार्ग अधिक योग्य वाटतो. इनपुट पेज बफरच्या लॅचमध्ये (एकेक बिट धरणाऱ्या घटकांमध्ये) ठेवायचे, वेट्सचे पेज वाचायचे, आणि लॅचमधल्या 'एक्सॉर' (दोन बिट वेगळे असतील तरच 'एक' देणाऱ्या) सोयीने दोन्हींची तुलना करायची. ही सोय अनेक आधुनिक चिपमध्ये असते. वेट्स आणि इनपुट दोन्ही एकेका बिटाचे असलेल्या नेटवर्कमध्ये गुणाकाराची जागा याच क्रियेचा व्यत्यास घेतो, आणि उरते ती 'एक' किती आले याची मोजणी. लेखन नीट झाले का हे तपासताना न जुळलेले बिट मोजणारे परिपथ नँडमध्ये असतातच, ते इथे वापरता येतात. १६ किलोबाइटच्या पेजमध्ये ४०९६ इनपुटच्या न्यूरॉनचे ३२ संच मावतात, त्यामुळे मोजणी तुकड्यातुकड्याने करावी लागेल, आणि माझ्या मते वेळेचा खरा अडसर तिथेच आहे. चार बिटांची वेट्स आणि चार बिटांचे इनपुट घेतले, तर बिटांच्या सोळा जोड्यांसाठी सोळा फेऱ्या होतात. तेव्हा हा मार्ग कमी बिटांच्या नेटवर्कपुरताच शोभतो.

दुसरी अडचण चुकांची आहे. एसएसडीत डेटा लिहिण्यापूर्वी तो मुद्दाम विस्कटला जातो आणि वाचल्यावर चूक-दुरुस्ती होते. चिपच्या आतच हिशेब केला तर ही दोन्ही कवचे गळून पडतात. म्हणून फ्लॅश-कॉसमॉसच्या प्रयोगात एका सेलमध्ये एकच बिट, तोही नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक आणि अधिक वेळ घेऊन, लिहिला होता. न्यूरल नेटवर्क थोड्या चुका पचवते हे खरे, पण म्हणून टीएलसी पद्धतीने दाटीवाटीने लिहिलेला डेटा दुरुस्तीशिवाय वापरावा असे मी म्हणणार नाही.

थंड_डोक्याने:

लाभ किती, याचा ढोबळ हिशेब करून पाहू. आठ चॅनेल, प्रत्येकावर आठ डाय (सिलिकॉनचे तुकडे), प्रत्येक डायमध्ये चार प्लेन (स्वतंत्रपणे वाचता येणारे भाग) आणि १६ किलोबाइटच्या एका पेजच्या वाचनाला २५ मायक्रोसेकंद, असे धरू. एका प्लेनमधून सेकंदाला सुमारे ६५५ मेगाबाइट वाचले जातात. २५६ प्लेनचे मिळून सुमारे १६८ गिगाबाइट. एसएसडी आणि संगणक यांमधल्या चौथ्या पिढीच्या, चार मार्गिकांच्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीतून बाहेर मात्र सात-आठ गिगाबाइटच येऊ शकतात. सात अब्ज वेट्सचे भाषा-मॉडेल चार बिटांत साठवले तर साडेतीन गिगाबाइटचे होते. प्रत्येक शब्दखंडासाठी ते सगळे बाहेर आणायला जवळपास अर्धा सेकंद जाईल, आतल्या आत वाचायला मात्र सुमारे २१ मिलिसेकंद. अर्थात यात सोळा फेऱ्या आणि मोजणीचा वेळ धरलेला नाही, आणि तो धरला की चित्र बरेच फिकट होते.

शिवाय ही तुलना एका वेळी एकच वापरकर्ता असताना खरी आहे. सर्व्हरवर एकदा आणलेली वेट्स डझनावारी विनंत्यांसाठी वापरली जातात, तिथे ने-आणीचा खर्च वाटला जातो. जाता जाता आणखी एक : अॅपलच्या संशोधकांनी २०२३ च्या अखेरीस फ्लॅशमधून भाषा-मॉडेल चालवण्याविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात आकडेमोड फ्लॅशमध्ये होत नाही, लागतील तेवढीच वेट्स डीरॅममध्ये आणण्याची ती युक्ती आहे. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.

अर्धवाहक:

सर्वांचे आभार. मग एकाच वेळी अनेक वर्डलाइन निवडणे किंवा तो आतला मोजक वापरणे, हे मला सुटी चिप घेऊन करता येईल का?

कोरडा_सोल्डर:

प्रसिद्ध डेटाशीटमधील आदेशांनी नाही. त्या सोयी उत्पादकाच्या चाचणी-आदेशांत असतात आणि गोपनीयतेच्या कराराशिवाय ते सहसा मिळत नाहीत. तुमच्या प्रकल्पापुरते मी असे सुचवेन, की समांतर जोडणीची छोटी एसएलसी (एका सेलमध्ये एकच बिट साठवणारी) नँड आणि एक मायक्रोकंट्रोलर घ्यावा. चिपमध्ये अंतर्गत चूक-दुरुस्ती असेल तर ती बंद करता येते का, हे खरेदीपूर्वीच डेटाशीटमध्ये पाहावे. मग एक बिटी नेटवर्कची वेट्स तिच्यात लिहून, ब्लॉक मुद्दाम झिजवून आणि चिप तापवून कच्च्या चुका किती व कुठे होतात ते मोजावे. 'एक्सॉर' आणि मोजणी मायक्रोकंट्रोलरमध्ये करावी, आणि मोजलेल्या चुकांनी नेटवर्कची अचूकता किती घसरते याचा आलेख काढावा. लेखनाचा आदेश अर्ध्यावर रीसेट करून सेल अर्धवट भारित ठेवण्याचा प्रयोगही अशा चिपवर करता येतो. त्यासाठी वेगळा ब्लॉक राखून ठेवा, कारण शेजारच्या पेजमधील बिटही त्यात बिघडू शकतात.