मदत हवी आहे: मॅकग्रेगर ओव्हररेटेड आहे का? भावाला काय सांगू?

मंडळी, एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ) नियमित बघणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

माझा धाकटा मावसभाऊ एमएमएच्या क्लासला जातो. आयर्लंडचा लढवय्या कॉनर मॅकग्रेगर त्याचं दैवत. दैवत असायला हरकत नाही, पण तो उभाही तसाच राहतो. मूळचा उजव्या हाताचा, तरी डावखुऱ्याचा पवित्रा घेतो. पाय लांब टाकलेले, हात खाली, मान मागे, आणि समोरचा कधी पुढे येतोय नि आपण कधी डावा ठोसा हाणतोय याची वाट बघत बसतो. त्याचे सर सांगून दमले. मी म्हटलं, "अरे, तो ओव्हररेटेड आहे," तर माझ्याशी बोलणंच टाकलं त्याने.

आता मला प्रश्न पडलाय की मी बोललो ते कितपत बरोबर आहे. माझं मत मांडतो, चुकत असेल तिथे टोका.

2013 ते 2016 मधल्या मॅकग्रेगरला मी ओव्हररेटेड म्हणणार नाही. डिसेंबर 2015 ची, तेव्हाचा विजेता जोसे अल्डोविरुद्धची लढत मी थांबवून थांबवून बघितली आहे. दहा वर्षं न हरलेला माणूस पुढे झेपावतो, मॅकग्रेगर जेमतेम मागे सरकतो आणि डावा ठोसा बरोबर हनुवटीवर बसतो. 13 सेकंदांत खेळ खलास. याला नशीब म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटणार नाही. ते अंतर मोजणं हीच त्याची खरी कला होती. त्याआधी 2014 मध्ये त्याने डस्टिन पोरिएला पहिल्याच फेरीत झोपवलं होतं, 2013 मध्ये मॅक्स होलोवेला गुणांवर हरवलं होतं. होलोवे तेव्हा 21 वर्षांचा पोरगा होता हे खरं, पण पुढे त्याच होलोवेने 2017 मध्ये अल्डोला दोनदा हरवलं. मग नोव्हेंबर 2016 मध्ये न्यूयॉर्कला एडी अल्वारेझला हरवलं, आणि एकाच वेळी यूएफसी या एमएमएच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे दोन वजनी गटांतले बेल्ट (विजेतेपदं), जे आधी कुणालाच जमलं नव्हतं.

माझा आक्षेप त्यानंतरच्या नावाला आहे. दोनपैकी एकाही बेल्टचा बचाव त्याने केला नाही. 2017 मध्ये बॉक्सर मेवेदरशी बॉक्सिंग, 2018 मध्ये रशियाच्या हबीब नुरमागोमेदोव्हकडून पराभव, 2020 च्या जानेवारीत सेरोनीला 40 सेकंदांत हरवलं, आणि 2021 मध्ये पोरिएकडून दोन पराभव. त्यातला पहिला भावाला दाखवायलाच हवा. पोरिएने पुढच्या पायाच्या पोटरीवर लाथा घालून घालून पायच निकामी केला आणि दुसऱ्या फेरीत ठोशांनी संपवलं. लांब पवित्र्यात पुढच्या पायावर भार असला की तो पाय पटकन उचलून लाथ अडवता येत नाही. माझा भाऊ नेमका तसाच उभा राहतो, म्हणून जास्त काळजी वाटते.

त्याचं उत्तर तयार असतं: "मग हबीब पण ओव्हररेटेड! बेल्टचे बचाव तीनच, टोनी फर्ग्युसनशी लढत कधी झालीच नाही, 2012 मध्ये टिबाऊविरुद्धचा निकाल वादग्रस्त, आणि 29-0 चा (29 लढती, एकही पराभव नाही) गजर सगळीकडे."

मुद्दे खोटे नाहीत. पण मॅकग्रेगर, पोरिए, गेथजी हे तिघे आपापल्या काळातले तगडे गडी, आणि तिघांनाही हबीबने आवळून हार मानायला लावली. आपल्याकडे कुस्ती बघणाऱ्याला त्याचा एकेरी पट बघूनच कळतं की एकदा पाय हाताला लागला की तो सोडत नाही, जाळीपर्यंत रेटत नेतो. आकडा बाजूला ठेवला तरी हे उरतंच. आणि 2018 च्या त्या लढतीत तिसरी फेरी मॅकग्रेगरने घेतली होती, तेही मी भावाला मोकळेपणाने सांगतो.

तर माझे प्रश्न असे. एखादा ओव्हररेटेड आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? बेल्टच्या बचावांवरून, की त्या रात्री समोर कोण कुठल्या फॉर्मात होता यावरून? "2016 पर्यंतचा खरा, नंतरचा फुगवलेला" ही माझी विभागणी पटते का, की मी दोन्ही डगरींवर हात ठेवतोय? भावाच्या मते मी दोन्ही डगरींवरच हात ठेवतोय.

दुसरं, शिकणाऱ्या पोराने कुणाच्या लढती बघाव्यात? वजन 66 किलोच्या आसपास आहे. मी त्याच वजनी गटातला अलेक्झांडर व्होल्कानोव्हस्की सुचवला. बुटका, पण पाय सतत हलते, लाथ-ठोसा-पट सगळं एकमेकांत मिसळलेलं, आणि होलोवेला तीनदा हरवलेला. त्यातली दुसरी लढत होलोवेची होती असं मानणारे बरेच आहेत, तुमचं मत जरूर द्या. भावाला तो "बोअर" वाटतो.

रविवारी त्याला घरी बोलावलंय, एकत्र लढती बघायच्या आहेत. नावं द्या, आणि कुठल्या फेरीत काय बघायचं तेही लिहा. क्लास चालवणारं कुणी इथे असेल तर पवित्र्याबद्दल नक्की सांगा, माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकेल.