थोरो यांचा रोष स्वतःच्याच राज्यावर का?

प्रश्न:
अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांचा ‘स्लेव्हरी इन मॅसॅच्युसेट्स’ हा १८५४ सालचा निबंध नुकताच वाचला. गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे अमेरिकेच्या दक्षिणेत होते आणि उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्समधून गुलामगिरी कधीच हद्दपार झाली होती. असे असताना थोरो आपल्याच राज्याचे न्यायाधीश, गव्हर्नर आणि वृत्तपत्रे यांच्यावर इतके का तुटून पडतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
याचे उत्तर १८५० च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यात आहे. पळून उत्तरेत आलेल्या गुलामालाही पकडून मालकाला परत द्यावे, असा तो कायदा होता. पकडलेल्या माणसाला ज्युरीपुढे दाद मागता येत नसे, त्याची स्वतःची साक्ष ग्राह्य नसे, आणि निकाल देणाऱ्या कमिशनरला त्याला मालकाच्या हवाली केल्यास दहा डॉलर, तर सोडून दिल्यास पाचच डॉलर शुल्क मिळे. हा तपशील मी कितीही वेळा वाचला तरी मन विषण्ण होते. व्हर्जिनियातून निसटलेल्या अँथनी बर्न्स यांना २४ मे १८५४ रोजी बॉस्टनमध्ये अटक झाली, आणि २ जूनला हजारो नागरिकांच्या डोळ्यांदेखत त्यांना लष्करी बंदोबस्तात धक्क्यावर नेऊन जहाजावर चढवण्यात आले. त्या बंदोबस्तात मॅसॅच्युसेट्सचेच नागरी सैन्यदल उभे होते. उत्तरेतल्या माणसांनी हात लावला नसता, तर मालकाला बर्न्स परत मिळालेच नसते. थोरो जाब विचारतात तो या हातांना.

प्रतिसाद २:
सहमत आहे. हे विचार थोरो यांनी ४ जुलै रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच, फ्रेमिंगहॅमच्या सभेत मांडले, आणि त्याच सभेत गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते विल्यम लॉइड गॅरिसन यांनी अमेरिकेच्या संविधानाची प्रत जाळली. कायदा संविधानाला धरून आहे की नाही, एवढ्यावरच न्यायालये अडून राहतात, तो न्याय्य आहे का हे विचारत नाहीत, हा थोरो यांचा मुख्य आक्षेप आहे. आपण निबंध पुन्हा वाचाल, तेव्हा हा धागा धरून वाचावा.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. बर्न्स यांचे पुढे काय झाले?

प्रतिसाद १:
१८५५ मध्ये बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चने पुढाकार घेऊन जमवलेल्या पैशांतून, १३०० डॉलर मोजून, त्यांची सुटका करण्यात आली. ओबर्लिनमध्ये शिक्षण घेऊन ते धर्मोपदेशक झाले आणि १८६२ मध्ये कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथे, वयाची तिशी ओलांडण्याआधीच, निवर्तले.