मदत हवी आहे: लेबनॉनच्या तरुणांना नेमकं काय हवंय?

नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी लेबनॉन घेतलंय. तिथे राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया. यादवी युद्ध थांबवणाऱ्या 1989 च्या ताइफ करारानंतर संसदेच्या 128 जागा ख्रिश्चन-मुस्लिमांत निम्म्या-निम्म्या. ही धर्मवार वाटणी टप्प्याटप्प्याने संपवायची असंही त्याच करारात आहे, पण ते कागदावरच राहिलं. (राहणारच! संपवायची कोणी, तर त्यावरच निवडून येणाऱ्यांनी.)

ऑक्टोबर 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर कर लावायचं निघालं आणि पोरं रस्त्यावर आली. घोषणा होती 'सगळे म्हणजे सगळे', म्हणजे सगळेच नेते जायला हवेत, स्वतःच्या पंथाचा नेताही त्यात आलाच. पुढे उत्तरेच्या त्रिपोलीपासून (लिबियातलं नव्हे) दक्षिणेच्या टायरपर्यंत किनाऱ्याने माणसांची साखळी धरली.

माझं अडलंय पुढे. मतदानाचं वय 21. मत द्यायचं ते राहत्या ठिकाणी नाही, घराण्याची नोंद असेल त्या गावी. देशात सिव्हिल मॅरेजचा कायदा नाही, त्यासाठी जोडपी सायप्रस गाठतात. हे बदलायला शिया, सुन्नी, द्रूझ, ख्रिश्चन तरुण सारखेच तयार आहेत, की आपल्या पंथाचं संरक्षण जाईल म्हणून कचरतात?

अरब बॅरोमीटरचा (अरब देशांतल्या जनमत चाचण्यांचा) डेटा कोणी वापरलाय का? वय आणि पंथ अशी दुहेरी फोड केली की प्रत्येक गटात माणसं फारच थोडी उरतात, त्यावरून काही ठामपणे म्हणता येईल का? आणि दुबई-दोह्यात कोणाचे लेबनीज सहकारी असतील, विशी-पंचविशीतले, तर बोलणं करून द्याल का? इंग्रजी चालेल, अरबीची बोंब आहे. नावं कुठेही येणार नाहीत.