विहिरीवरचं लिस्टर इंजिन भंगारात द्यायचं का? आणि हा लिस्टर नक्की कोण होता?

माणदेशी_माळ:

नमस्कार मंडळी. गाव आटपाडी तालुक्यात, मी नोकरीमुळं सध्या पिंपरीत. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पत्र्याच्या खोपटात एक जुनं डिझेल इंजिन पडून आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर आज्ज्यानं सेकंडहँड घेतलेलं. पुढं लाईट आली, मोटर बसली आणि इंजिन तसंच राहिलं, वीस वर्षं तरी झाली असतील. आता चुलत्यांना तिथं ठिबकचा फिल्टर आणि खताची टाकी बसवायचीय त्यामुळं ते म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाकू, किलोवर जाईल, बिडाचं आहे, वजन भरपूर भरेल.

गेल्या शनिवारी गावी गेलो तेव्हा रॉकेलचा बोळा घेऊन पितळी पट्टी पुसली. आर. ए. लिस्टर अँड कंपनी, डर्स्ली, इंग्लंड असं निघालं, खाली ५/१ असा आकडा. रंग गडद हिरवा असावा, आता फक्त कोपऱ्यात उरलाय. दोन्ही बाजूला मोठी चाकं, हँडल पण खोपटातच सापडलं.

मला आठवतंय ते त्याचं टुक... टुक... टुक, सावकाश, मधे श्वास घेतल्यासारखं. आज्जा वस्तीवर जेवायला बसलेला असायचा आणि आवाज जरा हलका झाला की हातातला घास ठेवून उठायचा, म्हणायचा पाणी तुटलं, विहीर बसली. किंवा पट्टा पडला. बघायला जायची गरजच नसायची त्याला.

गावातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं इंजिन आहे, शंभर वर्षांच्या वर जुनं. खरंय का? हा लिस्टर कोण होता? आणि चालू होऊ शकतं का? कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा, चुलत्यांना थोपवून धरलंय पण फार दिवस नाही धरता येणार.

जुनी_यंत्रं:

भंगारात देऊ नका. आधी हे सांगतो मग बाकीचं.

गुरुजींचं अर्धं बरोबर आहे. कंपनी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, इंजिन नाही. रॉबर्ट ॲश्टन लिस्टर, जन्म १८४५, गाव डर्स्ली, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधलं लहानसं लोकरी कापडाचं गाव. वडील जॉर्ज लिस्टर यांचा कारखाना होता, लोकर पिंजायला तारांचे दात बसवलेले पट्टे लागतात ते करायचे. पोराचं बापाशी बिनसलं आणि १८६७ मध्ये त्यानं त्याच गावात स्वतःचं वेगळं दुकान मांडलं, शेतीची अवजारं करायची म्हणून. त्या काळात इंग्लंडात शेतीयंत्रांचे मोठमोठे कारखाने आधीच होते, लीड्सला फाउलरचे वाफेचे नांगर, इप्सविचला रॅन्सम, ग्रँथमला हॉर्न्सबी, पण ही बरीचशी मोठ्या जमीनदाराच्या ऐपतीची यंत्रं. फाउलरचा वाफेचा नांगर म्हणजे शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी आणि मधे तारेच्या दोरावर नांगर इकडून तिकडं ओढला जायचा, एकट्या शेतकऱ्याला ते घेणं कुठलं जमायला. लिस्टरचं माझ्या मते वेगळेपण हे की त्यानं लहान शेतकऱ्याच्या गोठ्यात मावेल असं यंत्र धरलं.

त्याचं पहिलं मोठं नाव झालं ते इंजिनावर नाही, सायीवर! डेन्मार्कमध्ये मिकाएल पेडरसन नावाचा एक हरहुन्नरी माणूस होता, त्यानं दुधातून साय वेगळी काढायचं यंत्र केलं होतं. हातानं दांडा फिरवायचा, आतलं भांडं गरगर फिरतं, दूध जड म्हणून बाहेरच्या कडेला जातं आणि साय हलकी म्हणून मधे राहते, दोन तोट्यांतून दोन्ही वेगळं बाहेर. आधी दूध रात्रभर पसरट भांड्यात ठेवून साय वर यायची वाट बघायला लागायची ते सगळं वाचलं. लिस्टरनं ते अलेक्झांड्रा नावानं विकलं (इंग्लंडची तेव्हाची युवराज्ञी अलेक्झांड्रा डेन्मार्कचीच होती) आणि ते धडाधड खपलं. मग पेडरसनच डर्स्लीला राहायला आला. त्याला सायकलच्या सीटचा त्रास व्हायचा म्हणून त्यानं दोरीची विणलेली झोळीसारखी सीट केली आणि मग त्या सीटला शोभेल अशी बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची अख्खी सायकलच केली, डर्स्ली पेडरसन म्हणून ती आजही ओळखली जाते.

लिस्टरनं लोणी घुसळायची लाकडी पिंपं केली, मेंढ्यांची लोकर कापायची यंत्रं केली, लाकडाला हात बसलेलाच होता म्हणून बागेतली सागवानी बाकंसुद्धा केली. पेट्रोल इंजिनाकडं वळले ते १९०९ च्या सुमारास, म्हणजे राणी जाऊन आठ वर्षं झाल्यावर. १९११ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, १९१८ ला म्हातारपणी पार्लमेंटवर निवडून पण गेला.

तुमचं इंजिन सीएस घराण्यातलं, कोल्ड स्टार्ट. हे घराणं बाजारात आणलं १९२९ मध्ये, तेव्हा कारभार नातवंडांच्या हातात गेला होता, पर्सी लिस्टर आणि त्याचे भाऊ. ५/१ म्हणजे पाच हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, मिनिटाला फक्त ६०० फेरे. ते आलं १९३० ला. आणि मला नेहमी चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्याच १९२९ सालात म्हातारा लिस्टर पण गेला आणि पेडरसन पण गेला. पेडरसन परत डेन्मार्कला जाऊन गरिबीत वारला. १९९५ मध्ये डर्स्लीकरांनी त्याच्या अस्थी आपल्या गावात आणून पुन्हा दफन केल्या.

बापू_मिस्त्री:

माळ दादा इतिहास वरच्या साहेबांनी सांगितला मी कामाचं सांगतो. ३५ वर्षं इंजिनं खोललीत, लिस्टर, पीटर, कूपर, राजकोट सगळी. ५/१ म्हणजे साडेचार इंच बोअर (सिलिंडरची रुंदी) साडेपाच इंच स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल). वीस वर्षं बंद आहे म्हणून मेलं असं नाही, पण घाई करू नका. पोरं काय करतात ट्रॅक्टरचा पट्टा लावून ओढतात, तसं अजिबात करू नका, पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, गंजून धरलेल्या असतात, तुटतात आणि लायनर खरवडून जातो, मग खर्चच खर्च.

डिझेल फवारणारं नोझल काढा, त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं आत ओता आणि आठवडाभर तसंच राहू द्या, रोज थोडं ओता. मग चाक हातानं हलवून बघा, पुढं मागं, बोटभर हललं तरी समजा जिंकलात. नाही हललं तर हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उतरवा आणि लाकडी ठोकळा ठेवून वरनं हलकं ठोका, लोखंड नको.

खालच्या चेंबरचं ऑइल काढून टाका, पाणी निघेल बघा. कनेक्टिंग रॉडच्या बुडाला एक पळी असते ती ऑइल उडवते, सगळी वंगणाची व्यवस्था तीच, त्यामुळं लेव्हल कमी असली तर बेअरिंग खाल्लंच समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सुरू करायच्या आधी डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, हातानं मोकळा सरकतोय का बघा. जाम असला आणि इंजिन लागलं तर वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचं काही चालत नाही, इंजिन सुटतं, वेग वाढतच जातो आणि ती चाकं केवढी आहेत तुम्ही बघितलीत, जवळ माणूस उभा राहता कामा नये. डिझेल तोडायची सोय हाताशी ठेवा.

हेडच्या बाजूला एक छोटं हातचाक असेल, ते चेंजओव्हर व्हॉल्व्ह. थंड असताना ते आत घट्ट करायचं म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं आणि हँडलवर लागतं, गरम झालं की सोडायचं. कोल्ड स्टार्ट म्हणतात ते यामुळंच. लोक ते काढून टाकतात किंवा कायमचं बंद करून ठेवतात, तुमचं शाबूत असलं तर जपा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका, उलटा झटका बसला तर मनगट जातं. आमच्या उस्तादाचं गेलं होतं.

शाहूपुरी_चौक:

माहिती छान आहे पण मला एक मांडायचंय, राग नसावा. आपण डर्स्ली डर्स्ली करतोय पण आपल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर बसलेली बहुतेक इंजिनं डर्स्लीची नव्हतीच. लिस्टरच्या नमुन्यावर राजकोटला इंजिनं झाली, शेकडो छोट्या कारखान्यांत, आणि ती महाराष्ट्रभर आली. आमच्या मामाकडं गुऱ्हाळावर राजकोटचंच होतं, लोक त्याला पण लिस्टरच म्हणायचे. सातारचं कूपर होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ ला सुरू झाली, त्यांचं एव्ही-वन इंजिन पीटर या इंग्लिश कंपनीच्या घराण्यातलं पण घडलं इथं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तर त्याच्या कितीतरी आधी लोखंडी नांगर करून इंग्लंडच्या नांगरांशी टक्कर दिली होती. मग वारसा कुणाचा म्हणायचा? ज्यानं आराखडा काढला त्याचा एकट्याचा, की ज्यांनी तो पाटावर, उसात, पिठाच्या गिरणीवर वागवला त्यांचा पण?

जुनी_यंत्रं:

@शाहूपुरी राग कसला, मुद्दा एकदम बरोबर. उलट मी पुढं जाऊन म्हणतो, डर्स्लीत सीएसचं उत्पादन १९८७ ला थांबलं, राजकोटात त्याच नमुन्याची इंजिनं त्यानंतरही होत राहिली. परदेशातले हौशी लोक त्यांना लिस्टरॉइड म्हणतात, अमेरिकेत लोकांनी ती मागवून जळक्या खाद्यतेलावर चालवली, घरची वीज केली, मग तिथल्या प्रदूषणाच्या नियमांमुळं आयात अडली. इंग्लंडमध्ये काढलेलं इंजिन गुजरातेतून अमेरिकेला गेलं.

पण एक लक्षात घ्या की नक्कल त्याचीच होते जे नक्कल करण्याजोगं केलेलं असतं. ६०० फेरे, जाड बीड, मोजके भाग, साध्या लेथवर होणारं काम. वेगवान नाजूक इंजिन असतं तर छोट्या वर्कशॉपला ते उचलताच आलं नसतं. मला यात डर्स्लीवाल्यांचं श्रेय कमी करावंसं वाटत नाही आणि राजकोटवाल्यांचं पण नाही.

बापू_मिस्त्री:

श्रेय दोघांचं पण फरक आहे हो. जुन्या विलायती लिस्टरची चाकं एवढी तोललेली असायची की चालू इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडत नव्हता, मी स्वतः बघितलंय. राजकोटची काही चांगली काही अशी की फाउंडेशन सोडून चालायला लागायची, बोल्ट रोज आवळा. वाळूचे कण आत राहिलेले सापडायचे ओतकामातले, आम्ही नवीन इंजिन आलं की आधी खोलून धुवायचो आणि मगच चालू करायचो. पण पार्ट मिळायचा, हे खरं. आज पण लायनर पिस्टन मिळतं ते राजकोटमुळंच, दादांचं इंजिन उभं राहील ते राजकोटच्या पार्टवरच.

सेव्हर्नकाठची:

मी ग्लॉस्टरशायरमध्येच राहते, माहेर बारामती. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. डर्स्ली आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे, डोंगरउतारावरचं गाव, मधोमध कमानींवर उभी जुनी बाजाराची इमारत, १७३८ सालची. पहिल्यांदा गेले तेव्हा मला लिस्टर वगैरे काही माहीत नव्हतं. वडील इकडं आले होते, त्यांना गावाचं नाव पाटीवर दिसलं आणि ते गाडी थांबव म्हणाले. डर्स्ली! आमच्या इंजिनावर हेच लिहिलेलं होतं! आम्ही सगळे हसलो पण ते खरंच गलबलले होते, मग कुणी हसलं नाही.

कारखाना बघायचा म्हणाले तर कारखाना नाहीच. सगळी जागा साफ करून तिथं लिटलकूम नावाची घरांची वसाहत केलीय, नवीन विटांची घरं, पोरं सायकली चालवत होती. १९६५ ला हॉकर सिडली कंपनीनं लिस्टर घेतली, १९८६ ला पीटरशी जोडून लिस्टर-पीटर झाली आणि मग आटत आटत गेली असं आमच्या शेजारचे आजोबा सांगतात, त्यांनी तिथंच उमेदवारी केली होती. ते म्हणतात घरटी एक माणूस लिस्टरमध्ये असायचा. मी त्यांना वडिलांच्या विहिरीवरच्या इंजिनाचा फोटो दाखवला, त्यांनी चष्मा पुसून तीनदा बघितला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल तर, पाणी किती फुटांवर होतं?

मेंढ्यांची लोकर कापायच्या मशिनवर लिस्टर हे नाव इकडं अजून चालू आहे बरं का, शेतकऱ्यांच्या दुकानात दिसतं.

चक्कीवाला:

आमच्या वडिलांची पिठाची गिरणी लिस्टरवर होती, धुराड्यावर डबा लावलेला. गावाला घड्याळ लागत नव्हतं, सकाळी गिरणी बोलली की दळणं डोक्यावर घेऊन बाया निघायच्या. आणि इंजिनातनं येणारं गरम पाणी वाया जायचं नाही, आम्ही सगळी भावंडं त्याच पाण्यानं अंघोळ केलेली. माळ भाऊ विकू नका.

माणदेशी_माळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सेव्हर्नकाठच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी चुलत्यांना फोनवर वाचून दाखवलं, पाणी किती फुटांवर तिथं आल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले पंचेचाळीस फूट, उन्हाळ्यात साठ. आजोबांना तेवढं सांगा.

मेंढ्यांचं वाचून पण बरं वाटलं, आमच्याकडं धनगर अजून कातरीनंच लोकर काढतात, लिस्टर आमच्या माळाला पाण्यापुरताच माहीत होता.

आता प्रगती सांगतो. बापू, तुम्ही सांगितल्याप्रमाणं नोझल काढून ऑइल डिझेल सोडलं, आज आठवा दिवस. खालनं तांब्याभर पाणी आणि काळा चिखल निघाला. हातचाक शाबूत आहे, थोडं फिरतं पण. रॅक जाम होता, डिझेलनं धुवून मोकळा केलाय. चाक अजून हललं नाही. पाण्याचं विचारायचं राहिलं, पूर्वी पंपाच्याच डिलिव्हरीतनं बारीक पाईपनं पाणी इंजिनाला दिलेलं होतं, आता पंप नाही तर ड्रम ठेवून चालेल का?

बापू_मिस्त्री:

ड्रम चालतो. दोनशे लिटरचा घ्या, इंजिनापेक्षा उंच ठेवा, गरम पाणी वरनं ड्रमात जातं, थंड खालनं इंजिनात येतं, आपोआप फिरतं. वरच्या पाईपाचं तोंड पाण्याखाली राहिलं पाहिजे नाहीतर फिरणं थांबतं. चाक हललं नाही तर अजून चार दिवस द्या, नाहीच तर मग हेड उतरवा, गॅस्केट आधी आणून ठेवा. मी पुढच्या आठवड्यात विट्याला येणार आहे, लागलं तर येऊन जातो.

माणदेशी_माळ:

या बापू, नक्की या, जेवायलाच या. ठिबकच्या फिल्टरला चुलत्यांनी खोपटाच्या मागची जागा आखलीय.