पोटातील महाधमनीचा फुगवटा आणि नाडीचे ठोके

प्रश्न : परळकर
माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. लघवीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या पोटातील महाधमनीला ४.२ सेंटिमीटर रुंदीचा फुगवटा आढळला. रक्तदाबासाठी ते मेटोप्रोलॉल घेतात. सकाळी नाडी ५६-५८ असते, पण दादर स्थानकाचा पूल चढल्यावर शंभराजवळ जाते. आई सारखा ऑक्सिमीटर लावते आणि आकडा वाढला की फुगवटा फुटेल या धास्तीने त्यांना झोपवून ठेवते. नाडीवरून फुगवट्याचा अंदाज येतो का?

उत्तर : फॅमिली डॉक्टर, गिरगाव
येत नाही. जिने, ताप, उकाड्यात शरीरातील पाणी कमी होणे, रक्तक्षय, थायरॉईड, चहा-कॉफी आणि काळजी, अशा अनेक कारणांनी ठोके वाढतात. मेटोप्रोलॉलने ते कमी होतात, त्यामुळे चक्कर किंवा थकवा नसेल तर ५६ हा आकडा या गोळीवर अनपेक्षित नाही. फुगवट्याचा धोका मुख्यतः त्याची रुंदी, ती वाढण्याचा वेग आणि रक्तदाब यांवर ठरतो. पुरुषांमध्ये साधारणपणे ५.५ सेंटिमीटरला किंवा रुंदी झपाट्याने वाढत असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर ठरलेल्या वेळी सोनोग्राफी चुकवू नये. सपाटीवर नेमाने चालणे त्यांच्या हिताचेच आहे, जड वजन मात्र उचलू देऊ नका.

एक गोष्ट आईंना आवर्जून सांगा. फुगवटा फुटून रक्तस्राव झाला तर एरवी नाडी वेगाने धावते, परंतु या गोळीमुळे ती तितकी वाढेलच असे नाही. म्हणून पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक तीव्र वेदना झाली, घाम फुटला किंवा भोवळ आली, तर ऑक्सिमीटरवरील आकडा बरा दिसतो म्हणून थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण ती एकाएकी सोडल्यास ठोके आणि रक्तदाब दोन्ही उसळू शकतात.

उत्तर : माहीमची लेक
काका विडी-सिगारेट ओढतात का, हे आपण लिहिलेले नाही. ओढत असतील तर ती सुटणे सर्वांत महत्त्वाचे, कारण धूम्रपानाने फुगवटा लवकर वाढतो. शिवाय लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे औषध लिहून दिले गेले, तर फुगवट्याची कल्पना त्या डॉक्टरांना आधी द्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अशा रुग्णांबाबत सावधगिरीची सूचना दिली होती.

परळकर
दोघांचेही मनापासून आभार. बाबा विड्या ओढतात, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची चिठ्ठी कालच मिळाली आहे; औषध सुरू करण्यापूर्वी सोनोग्राफीचा अहवाल घेऊन आज संध्याकाळीच डॉक्टरांकडे जातो.