मदत हवी आहे: सूत्र माशाचं वजन चौपट दाखवतंय

टिळकवाडीकर
अर्जंट आहे. सोमवारी गाईडना आकडे दाखवायचेत. वजन = ए × लांबी^बी बसवलं, लांबी-वजनाचे लॉग घेऊन सरळ रेषेने. नमुने ओडिशातल्या चिल्का सरोवराचे. बी (रेषेचा उतार) २.४१, इंटरसेप्ट (ए चा लॉग) उणे ०.९६७, आर स्क्वेअर (रेषा ठिपक्यांना किती जुळते) ०.९४. तरी १६ सेंमीच्या माशाचं वजन सूत्राने ३०३ ग्रॅम येतंय, तराजूवर ७८. काय चुकतंय?

निपाणी_मत्स्य
मासा कुठला ते तरी सांगा की. लांबी पूर्ण घेतली की शेपटीच्या बुडापर्यंतची? वजन ताज्या माशाचं की फॉर्मलीनमध्ये टिकवून ठेवलेल्या? लॉग कुठल्या फंक्शनने काढला?

गणेशपूर_आर
लॉगच्या भानगडीत पडूच नका. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये एनएलएस फंक्शन लावा, मूळ आकड्यांवर थेट वक्र बसतो.

निपाणी_मत्स्य
नको. मासा मोठा होईल तशी वजनातली तफावत वाढत जाते. थेट वक्र बसवला की चार मोठे मासे सगळी रेषा आपल्याकडे ओढतात. लॉग घेतल्यावर ती तफावत सारखी होते, म्हणून तर लॉग घ्यायचा.

गणेशपूर_आर
आणि लॉगमधून परत येताना वजन कमी पडतं, त्याचं काय?

निपाणी_मत्स्य
दहाच्या लॉगमध्ये रेषेभोवतीची प्रमाण त्रुटी एस असेल, तर एक्सप(२.६५ × एस²) ने गुणायचं. एस ०.०५ असेल तर फरक एक टक्क्याच्याही आत. इथं घोळ चौपटीचा आहे.

टिळकवाडीकर
काळुंदर. सेंमी, ग्रॅम, वजन ताज्याचंच. एक्सेलमध्ये लॉग घेतला, मग इंटरसेप्टचा एक्सप काढून ए = ०.३८.

खानापूर_प्राणिशास्त्र
सापडलं बघा. एक्सेलमध्ये पाया दिला नाही तर लॉग दहाच्या पायाचा असतो, एक्सप मात्र ई च्या पायाचा. १०^(-०.९६७) करा, ए ०.१०८ येतो. मग १६ सेंमीला ८६ ग्रॅम. आरमध्ये उलटं, तिथला लॉग नैसर्गिक असतो, त्यामुळे तिथले आकडे इकडे आणताना जपून. बी पायाने बदलत नाही.

हुक्केरी_शेततळं
हे सूत्र आमच्या तळ्यातल्या कटल्याला चालेल का? खाद्य वजनावर ठरवायचं असतंय.

खानापूर_प्राणिशास्त्र
नाही. प्रत्येक जातीचं वेगळं. तुमच्याच तळ्यातले लहान-मोठे तीसेक मासे मोजून स्वतःचं बसवा.

सांबरा_खाडी
मला २.४१ बरोबर वाटतोय. चिल्काचं नवं मुख २००० साली उघडलं, खारेपणा बदलला. मासे लांबीच्या मानाने बारीक झाले असणार.

निपाणी_मत्स्य
आधी मोजमाप तपासा, मग खारेपणाकडे वळा. चिल्कात तो पावसाळ्यात उतरतो, उन्हाळ्यात चढतो, म्हणून नमुने कुठल्या महिन्यातले हे सांगितल्याशिवाय तसं म्हणताच येत नाही. शिवाय बहुतेक माशांत सेंमी-ग्रॅममध्ये ए ०.००१ ते ०.०५ आणि बी २.५ ते ३.५ असतो. इथं दोन्ही बाहेर पडलेत. बी खाली गेला की ए वर चढतो, दोन्ही एकाच चुकीची लक्षणं आहेत. लांबीचा प्रश्न तसाच राहिलाय.

टिळकवाडीकर
मोठे मासे, १० ते २२ सेंमी, शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेत. लहान मासे पार्टनरने मोजले, ५ ते ८ सेंमी, शेपटीच्या बुडापर्यंत. त्याने एवढा फरक पडतो?

निपाणी_मत्स्य
पडतो. लहानांची लांबी आखूड लागली, वजन मात्र पूर्ण. लॉगच्या आलेखात ते ठिपके डावीकडे सरकले, रेषा आडवी झाली. आर स्क्वेअर तरीही चांगलाच दिसणार, त्यावर विसंबू नका. लहान मासे शिल्लक आहेत का?

टिळकवाडीकर
फॉर्मलीनमध्ये आहेत, डिपार्टमेंटला.

निपाणी_मत्स्य
मग वाचलात. त्यातले २५ काढून प्रत्येकाच्या दोन्ही लांब्या घ्या. बुड ओळखायला शेपटी हळूच वाकवा, घडी पडते तिथपर्यंत मोजायचं. शेपटीची टोकं तुटलेले मासे बाजूला ठेवा. पूर्ण लांबीची आखूड लांबीवर रेषा बसवून पार्टनरचे जुने आकडे बदला. फॉर्मलीनमध्ये मासा आकसतो, पण दोन्ही लांब्या त्याच माशाच्या असल्याने प्रमाण फारसं हलत नाही. वजन मात्र ताज्या वेळचंच ठेवा.

खानापूर_प्राणिशास्त्र
नंतर एक्सेलचं लिनेस्ट फंक्शन चालवा, शेवटचे दोन्ही पर्याय ट्रू. दुसऱ्या ओळीतला पहिला आकडा बीची प्रमाण त्रुटी. बी ३ म्हणजे मासा वाढताना त्याची ठेवण तीच राहते. (बी − ३) भागिले ती त्रुटी, म्हणजे टी; ३ पासूनचा फरक खरा की योगायोगाचा, ते त्यावरून ठरतं. तुटपुंज्या फरकावर ‘३ पेक्षा कमी’ लिहू नका.

सांबरा_खाडी
फुल्टनचा के पण काढा, १०० × वजन ÷ लांबीचा घन. मासा पोसलेला आहे की नाही ते कळतं.

खानापूर_प्राणिशास्त्र
बी ३ नसेल तर लांबीनुसार के आपोआप बदलतो, लहान-मोठ्यांची तुलना फसते. ले क्रेनचा १९५१ चा पोसलेपणाचा सापेक्ष घटक घ्या: प्रत्यक्ष वजन भागिले सूत्राने आलेलं वजन. अंड्यांनी भरलेल्या माद्या वेगळ्या काढा.

टिळकवाडीकर
उद्या सकाळी लॅब उघडली की मोजतो, आकडे इथंच टाकतो.

हुक्केरी_शेततळं
तीस मासे एकाच दिवशी पकडायचे की वेगवेगळ्या?